धावफलकामागचा सल्लागार

स्वोर्ड्स, डब्लिन
सोमवार, ६ जून २००५

चि. गिरीश,

तुझ्या ईमेलला मी कागदावर उत्तर देतो याची तुला गंमत वाटते, हे तू आता तिसऱ्यांदा लिहिलंस. ईमेलमध्ये रकाने आखता येत नाहीत. विषय संपला.

तुझ्या सुचित्रावहिनीचं ऑफिस इथून विमानतळाच्या वाटेवर. ती दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. माझ्या पासपोर्टवर असा शिक्का आहे की मी तिच्यावर अवलंबून असलेला इसम असून मला या देशात नोकरी करता येणार नाही. म्हणून गेले आठ महिने, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मी कुकर लावतो (दोन शिट्ट्या, मग मंद आचेवर सात मिनिटं) आणि उरलेला वेळ वाचनालयात बसतो. मे महिन्याच्या सुरुवातीला महाराष्ट्र मंडळाच्या यामिनीचा निरोप आला, की नास गावाबाहेर एका मोठ्या चित्रपटाचं शूटिंग आहे, पैसे नाहीत पण जेवण आहे, आणि त्यांना ‘आपल्यासारखी’ माणसं हवी आहेत. आपल्यासारखी म्हणजे कशी, ते तिने लिहिलं नव्हतं. तिथे गेल्यावर कळलं.

चित्रपट एझ्रा कोल नावाच्या अमेरिकन बेसबॉलपटूच्या चरित्रावर आहे. लेकशोअर लीगमध्ये गोऱ्यांच्या संघातून खेळलेला पहिला काळा खेळाडू, साल १८८९. अमेरिकेपेक्षा आयर्लंडमध्ये अमेरिका उभी करणं सोयीचं पडतं म्हणे, म्हणून इथे घोड्यांच्या कुरणात लाकडी स्टेडियम बांधलंय. त्यात काळ्या प्रेक्षकांसाठी वेगळी, उन्हातली बाकं. (ऊन दिव्यांचं. बाहेर पाऊस भुरभुरत होता.) त्या बाकांवर बसायला पुरेशी काळी माणसं जिल्ह्यात मिळेनात, म्हणून आमचं मंडळ.

एका बाईने आम्हा एकतीस जणांना रंगाप्रमाणे उभं केलं. सावळे पुढे, उजळ मागे. ज्यांच्या लग्नाच्या जाहिरातीत शिक्षणाच्याही आधी ‘गोरी’ छापलं होतं, त्या तिघी शेवटच्या बाकावर गेल्या. यामिनीला तर हातात छत्री देऊन खांबाआड बसवलं. बस स्वोर्ड्सला पोचेपर्यंत ती कुणाशी बोलली नाही. मी पहिल्या रांगेत, मधोमध. लहानपणी आईने मला डाळीचं पीठ लावून लावून जे साधलं नाही, ते साधलं नाही हेच बरं झालं.

पहिल्याच दृश्यात नायकाने चेंडू कुंपणापार टोलवला आणि आमच्या बाकांवरून एका सुरात ‘सिक्स’ अशी आरोळी उठली. दृश्य पुन्हा घ्यावं लागलं. समोरच्या बाकांवर गोऱ्या अमेरिकनांच्या वेशात आयरिश लोक. त्यांना त्यांचा हर्लिंग नावाचा खेळ कळतो, बेसबॉल नाही. म्हणजे त्या कुरणात बेसबॉल वाचून आलेला माणूस एकच होता. वाचनालयातली दोन पुस्तकं घेऊन त्यांच्या गुणलेखनाच्या सगळ्या खुणा मी तीन आठवड्यांत शिकलो. कुणी शिकवल्या नाहीत, नेहमीप्रमाणे.

मी वही घेऊनच बसलो होतो. एका डावात यांनी चार गडी बाद केले. तीन बाद झाले की डाव संपतो. ओर्ला नावाची साहाय्यक दिग्दर्शिका आहे, पंचविशीतली, कमरेला वायरलेस. तिला पान दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ग्रँड.”

पुण्यात चोवीस वर्षांत असं कुणी म्हणालं नाही.

तुझा,
पुरूदादा


पुणे
२१ जून २००५

पुरूदादा,

पत्र पोचलं, रकान्यांसकट. गुरुवारी क्रिकेट गुणलेखक संघाच्या बैठकीत मी ते वाचून दाखवलं. लोक खूश झाले. फक्त आपला परीक्षक ज्ञानेश म्हणाला, “म्हणजे गर्दीत बसलाय.” तुला माहीत आहे तो कसा बोलतो, पावती फाडल्यासारखा.

मला राहवेना. मी म्हटलं, गर्दीत नाही, तांत्रिक सल्लागार आहे. ती बाई तुझं पान बघून ग्रँड म्हणते, म्हणजे सल्ला घेते. आणि सल्ला देणाऱ्याला सल्लागारच म्हणतात. यात माझं काही चुकत असेल तर उलट टपाली कळव.

आता कामाचं. १९८१ साली तू संघाची परीक्षा द्यायला नकार दिलास म्हणून तुझा सदस्यत्वाचा अर्ज परत आला. त्याच्या पाठीवर तू ‘ज्यांना मला शिकवता येत नाही त्यांनी माझी परीक्षा घेऊ नये’ असं लिहून पाठवलंस, तो कागद चिटणीस म्हणून माझ्याच कपाटात आहे. तेव्हापासून तू प्रत्येक सामना मैदानाबाहेरच्या झाडाखाली बसून लिहितोस, आणि आमचे परीक्षा दिलेले गुणलेखक चहाच्या सुटीत तुझ्या वहीवरून आपली बेरीज जुळवून घेतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे. मंडपातली खुर्ची मात्र तुला कधी मिळाली नाही. मिळावी असं तुला किती वाटतं, तेही मला ठाऊक आहे, कितीही नाही म्हणालास तरी.

मानद सदस्यत्वाला परीक्षा लागत नाही, दादा. कर्तृत्व लागतं. आता ते आहे. विषय कार्यकारिणीपुढे ठेवू का?

गिरीश

ता. क. इथे बेसबॉल कुणालाच कळत नाही. ही जमेची बाजू समज.


स्वोर्ड्स
सोमवार, ४ जुलै २००५

चि. गिरीश,

तू वापरलेला शब्द मी दोनदा वाचला. सकृद्दर्शनी त्यात हरकत घेण्यासारखं काही दिसत नाही. विषय ठेव.

शूटिंगचे आणखी सहा दिवस झाले. या लोकांचं अज्ञान किती खोल आहे, ते तुला पुण्यात बसून समजायचं नाही. एझ्रा कोल डावखुरा होता. पुस्तकात स्पष्ट आहे, फोटोसुद्धा आहे. नायक उजव्या हाताने खेळतो. सदऱ्यांवरची संघाची नावं शिंप्याने उलटी शिवली आहेत, आरशात दिसावीत तशी. एकाची नाही, सगळ्यांची. धावफलकावर संघांच्या नावाच्या पाट्या, त्याही उलट्या, आणि वर खिळे ठोकून पक्क्या केलेल्या.

कळस मंगळवारी झाला. नायकाने चेंडू मारला आणि तो धावत सुटला थेट तिसऱ्या तळाकडे. बेसबॉलमध्ये आधी पहिला तळ, मग दुसरा, मग तिसरा. शाळेतलं पोरगंही उलटं धावणार नाही. तीन कॅमेरे चालू, दोनशे माणसं ओरडतायत, आणि एकालाही काही वाटेना. मी उठलो. कठडा ओलांडून मैदानात गेलो, नायकाची बाही धरली आणि त्याला योग्य दिशेला तोंड करून उभा केला. दिग्दर्शक खुर्चीतून उठून माझ्याकडे बघत राहिला. मग तो ओर्लाच्या कानात बराच वेळ बोलला.

त्यानंतर तिने मला बाजूला घेऊन नवी जबाबदारी दिली. मैदानाच्या टोकाला तीन मजली लाकडी धावफलक आहे, त्याच्या पोटात आता मी एकटा असतो. पत्र्याच्या पाट्यांवर आकडे रंगवलेत, ते मी खाचांत टांगतो. एकूण फलकच माझ्या हवाली आहे. दिग्दर्शकाचीच इच्छा अशी, की मी तिथून हलू नये.

कथाही कळली. कोलने एका सामन्यात तीन फटके मारून तळ गाठले. बेसबॉलमध्ये गुणलेखकाला ठरवावं लागतं, की फलंदाज फटक्याच्या गुणाने पोचला की क्षेत्ररक्षकाच्या चुकीने. त्या गोऱ्या गुणलेखकाने तिन्ही वेळा ‘चूक’ लिहिलं. कोलच्या नावावर शून्य. त्या शून्यावरून त्याला काढून टाकलं. म्हणजे चित्रपटाचा खलनायक आपल्यातला आहे, गिरीश. चेंडू त्याने पाहिला, आकडा त्याला समजला, आणि लिहिताना मात्र तो दुसऱ्याच रकान्यात टाकला. मी त्या नटाशी जेवताना बोललो नाही.

पुरूदादा


पुणे
२५ जुलै २००५

पुरूदादा,

सोबत कात्रण आहे. रविवारच्या पुरवणीत पान पाचवर, वरच्या अर्ध्या भागात: ‘हॉलिवूडपटाला पुणेकराचा सल्ला’. फोटो तुझ्या मुंजीतला नाही, माझ्या लग्नातला आहे. माझी सासू कापून टाकली.

नायकाची बाही धरल्याचं मी वार्ताहराला सांगितलं. त्याने ‘दिग्दर्शकालाही सुनावले’ असं केलंय. वाचायला बरं वाटतं.

कार्यकारिणीने मानद सदस्यत्वाची शिफारस केली, पाच विरुद्ध एक. एक कोण ते लिहीत नाही. मेमध्ये वार्षिक सभा, तिथे ठराव, शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्राचा मजकूर विभावरीताई लिहितायत, त्यांनी आताच ‘सातासमुद्रापार’ तीनदा वापरलंय. ज्ञानेशने एक अट घालून घेतली: चित्रपटाच्या शेवटी जी नावं येतात, त्यांत तुझं नाव असल्याचा पुरावा. एवढं तू सहज करशील.

गिरीश


स्वोर्ड्स
८ ऑगस्ट २००५

गिरीशभावजी,

हे पत्र मी ह्यांना न सांगता ऑफिसमधून लिहितेय. कात्रण पाहिलं. तुम्हाला काही गोष्टी माहीत असायला हव्यात.

हे सल्लागार नाहीत. मंडळाचे एकतीस लोक गेले होते, त्यांतले एक. इथे कुणी हातात चहाचा कप दिला तरी ग्रँड म्हणतात, बस वेळेवर आली तरी ग्रँड.

नायक डावखुरा नाही आणि त्याला तसं खेळायला जमेना. म्हणून त्याला उजव्याने खेळवून नंतर ती दृश्यं आरशासारखी उलटी करणार आहेत. उलटी केली की तो डावखुरा दिसेल. त्यासाठीच नावं उलटी शिवली होती आणि त्यासाठीच तो तिसऱ्या तळाकडे धावत होता. पडद्यावर सगळं सुलट दिसणार. हे मैदानात सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या सकाळी सूचना देताना सांगितलं म्हणे, तेव्हा हे वहीत रेघा आखत होते. यामिनीने मला हे सांगितलं. ती हसत होती. मला हसू आलं नाही.

ते दृश्य पुन्हा उभं करण्यात अख्खी दुपार गेली. मग त्यांनी ह्यांना फलकामागे नेऊन बसवलं, कारण तिथून मैदान दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, मग वहिनी तुम्हीच का सांगत नाही? चुका शोधणं हा माझा पेशा आहे. ऑफिसात मी दिवसाला चाळीस शोधते आणि ज्याची त्याला त्याच दिवशी कळवते. पण इथे आल्यापासून हा माणूस पहिल्यांदा सकाळी सहाला दाढी करून तयार होत होता, भावजी. डबा स्वतः भरून घेत होता. आल्यावर मला त्या दिवशीचा गुणफलक समजावून सांगत होता. मला ते तोडवलं नाही.

ते सत्काराचं मात्र थांबवा. पुढे कळलं तर त्यांना सोसणार नाही.

सुचित्रा


पुणे
१८ ऑगस्ट २००५

सुचित्रावहिनी,

तुमचं पत्र वाचून फाडलं. काळजी करू नका.

अहो, यात खोटं ते कितीसं? दादा तिथे होता. फलक तिथे होता. आकडे त्यानेच टांगले. बाकी शब्द कोणता वापरायचा हा ज्याच्या त्याच्या भाषेचा प्रश्न. आमच्या अध्यक्षांनी आयुष्यात दोन सामने लिहिले, त्यांतला एक पावसाने रद्द झाला. तेही स्वतःला आंतरराष्ट्रीय म्हणवतात.

शिवाय सत्कार अध्यक्षांच्या हस्ते म्हणून त्यांच्या जावयाने हॉल मिळवून दिलाय. आता थांबवलं तर त्यांना वाईट वाटेल.

आपला,
गिरीश


स्वोर्ड्स
२२ ऑगस्ट २००५

चि. गिरीश,

कात्रणात सहा चुका आहेत. त्या संपादकांना कळवाव्यात.

एक, गावाचं नाव ‘नास’; ‘नॅश’ नव्हे. दोन, चित्रपटातला सामना १८८९ चा. १९८९ चा नव्हे, तेव्हा आपण स्कूटर चालवत होतो. तीन, बेसबॉलमध्ये डाव नऊ, अकरा नव्हेत. चार, माझं वय त्रेपन्न. पाच, ‘दिग्दर्शकालाही सुनावले’ हे अतिशयोक्त आहे, मी त्याच्याशी एक शब्दही बोललो नाही. सहा, मी पिंपरीच्या कारखान्यात आरेखन विभागात होतो, ‘अभियंता’ नव्हतो. मी जे नाही ते मला म्हटलेलं मला खपत नाही, हे तुला माहीत आहे.

बाकी मजकूर ठीक.

श्रेयनामावलीविषयी ओर्लाला विचारलं. ती म्हणाली, बघते. चित्रपट पुढच्या वसंतात येईल. माझं नाव P ने लिहायचं आणि मधे एकच t, हे मी तिला कार्डावर लिहून दिलंय.

पुरूदादा


स्वोर्ड्स
सोमवार, २४ एप्रिल २००६

गिरीश,

हे पत्र सभेत वाचायचं आहे. सगळं, मधलं काही न गाळता.

शनिवारी नासच्या सिनेमागृहात चित्रपटात काम केलेल्यांसाठी खेळ होता. मंडळाचे एकवीस लोक गेलो. पडदा उजळला, आणि नायक डावखुरा होता. डाव्याने मारत होता, पहिल्या तळाकडे धावत होता, सदऱ्यांवरची नावं नीट वाचता येत होती. मी सुचित्राकडे पाहिलं. तिने माझ्या हातावर हात ठेवला, म्हणजे तिला माहीत होतं. चित्र उलटं छापलंय, एवढं मला तेव्हा कळलं. दहा महिन्यांनी, अंधारात बसून.

मग फलक आला. दीड सेकंद. त्यावरचे आकडे मी टांगलेले नव्हते. संगणकाने काढलेले, कडा फार स्वच्छ. माझा एकही आकडा त्या चित्रपटात नाही.

आता जे सुचित्रालाही माहीत नाही ते लिहितो. फलकामागे दोन पेट्या होत्या. एकीतले आकडे नेहमीसारखे, दुसरीतले उलटे रंगवलेले इंग्रजी आकडे: २, ३, ४, ५, ६, ७ आणि ९ (शून्य, एक आणि आठ उलटले तरी तसेच दिसतात). मागच्या दारातून पिवळं निशाण दाखवलं की दुसरी पेटी वापरायची, असं ओर्लाने मला सांगितलं होतं. का, ते मी विचारलं नाही. चुकीचा आकडा टांगायची सूचना कोणत्याही रंगाच्या निशाणाने दिली तरी ती चुकीचीच, असा विचार करून मी दुसरी पेटी बंद केली आणि सहा दिवस तिच्यावर बसून राहिलो. शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे चित्र उलटवलं तेव्हा संघांची नावं सुलट झाली आणि माझे आकडे उलटे.

खेळ संपल्यावर ओर्ला दाराशी भेटली. मी तिला पेटीचं सांगितलं. ती आधी हसली, मग थांबली.

“तुम्ही होतात?” ती म्हणाली. “आम्ही सगळ्यांनी डेक्लनला धरलं. त्याने आकडे सुलटच रंगवले असं ठरलं. तो नाही म्हणत होता.”

डेक्लन हा पाट्या रंगवणारा. नासचाच, माझ्याएवढा असेल, त्याचं शिक्षणही कुणाकडे झालेलं नाही. पुढच्या चित्रपटाला त्यांनी त्याला बोलावलं नाही.

मी तिला म्हटलं, चूक माझ्या नावावर लिहा आणि त्यांना तसं लेखी कळवा. मी तिथेच उभं राहून कागद लिहून दिला. ती ग्रँड म्हणाली. या वेळी मला तो शब्द ऐकवला नाही.

सोमवारी, म्हणजे आज सकाळी, मी डेक्लनकडे जाऊन आलो. त्याने दार उघडलं, ऐकून घेतलं, आणि चांगल्या दोन वाक्यांत मला शिव्या दिल्या. मग म्हणाला, ओर्लाचा फोन आला होता. चहा विचारला नाही. मीही थांबलो नाही.

तेव्हा संघाच्या सभासदांनी नोंद घ्यावी: मी या चित्रपटाचा सल्लागार नव्हतो. कुणी मला सल्ला विचारला नाही. मी गर्दीत बसलो होतो, ज्ञानेश म्हणाला तसं, आणि तिथून उठवल्यावर फलकामागे होतो. तिथेही माझ्यामुळे काम बिघडलं. ‘सल्लागार’ हा शब्द गिरीशने लिहिला, पण मी तो वाचला, मला तो आवडला, आणि वर्तमानपत्राच्या सहा चुका काढताना मी हीच तेवढी सोडली. त्या अमेरिकन गुणलेखकाने जे केलं तेच हे. शेवटच्या नामावलीत माझं नाव नाही. ‘नासचे नागरिक आणि मित्र’ अशी एक ओळ आहे.

मला संघात यायचं होतं. अजूनही आहे. पण या नोंदीवर नाही.

पुरुषोत्तम


पुणे
९ मे २००६

पुरूदादा,

अभिनंदन.

पत्र मी वाचलं. शब्दन् शब्द, तू सांगितलंस म्हणून. ‘मी सल्लागार नव्हतो’ इथे पहिली टाळी पडली. पेटीवर बसून राहिलास त्याला हशा आला, पण प्रेमाचा. डेक्लनच्या चहापाशी विभावरीताईंनी डोळे पुसले. मी खाली बसलो तेव्हा अख्खा हॉल उभा होता.

अध्यक्ष म्हणाले, सातासमुद्रापार एवढं काम करून जो माणूस म्हणतो मी काहीच केलं नाही, त्याच्यापुढे आपण काय बोलावं. आजच्या जाहिरातबाजीच्या काळात असा विनय दुर्मीळ आहे. मग त्यांनी सुचवलं, की हे पत्रच मानपत्राबरोबर चौकटीत लावावं.

ज्ञानेश तेवढा उठला. तुझ्यासाठी त्याचे शब्द लिहून घेतलेत. “पुरुषोत्तम नसलेली धाव लिहीत नाही. तो नव्हतो म्हणतोय, तर तो नव्हता. तुम्ही सगळे त्याला खोटं ठरवताय.” लोकांनी त्याला खाली बसवलं. कुणीतरी मागून द्वेष म्हणालं.

ठराव सर्व विरुद्ध एक असा मंजूर. शाल आणि श्रीफळ तुझ्या वतीने मी स्वीकारलं. नारळ टिकला नसता म्हणून फोडला. वड्या उत्तम झाल्या. इतिवृत्तात ‘चित्रपटाचे तांत्रिक सल्लागार यांनी विनयपूर्वक लेखी मनोगत पाठवले’ अशी नोंद आहे आणि त्यावर सह्या झाल्या. पुरवणीतही येतंय.

दादा, एक गोष्ट खरी सांगतो. वाचताना माझा आवाज एकदा गेला. पण त्यांना तोही मनोगताचाच भाग वाटला.

गिरीश


स्वोर्ड्स
शनिवार, २४ जून २००६

चि. गिरीश,

तुझा आवाज गेला ते कळवलंस, बरं केलंस. तुझ्यावर राग नाही. पंचवीस वर्षं मी ज्या टाळीची वाट पाहिली ती पडली, आणि ती पडलीय मी खरं बोलत नाही अशा खात्रीने.

सोबत मानद सदस्यत्व परत करत असल्याचं पत्र आहे. दोन ओळींचं ठेवलंय. लांब लिहिलं तर त्यातूनही विनय निघेल. अध्यक्षांनी हेही चौकटीत लावायचं म्हटलं तर लावू दे. शाल परत कर. वड्यांचं आता काही करता येणार नाही.

ज्ञानेशला मी आयुष्यात पहिल्यांदा पत्र लिहिलं. आभार मानले नाहीत, त्याला ते आवडले नसते. एवढंच विचारलं, की ऑगस्टच्या परीक्षेला वयाची मर्यादा आहे का. काल उत्तर आलं. मर्यादा नाही. अर्ज शाईने भरावा. ओळखीच्या उमेदवाराचा पेपर तो स्वतः तपासत नाही, पण माझा तपासणार आहे, कारण दुसरा कुणी तपासला तर मला पूर्ण गुण देऊन मोकळा होईल.

सुचित्राने दोन आठवड्यांची रजा टाकली, आम्ही दोघं येतोय. ती रोज संध्याकाळी मला प्रश्न विचारते आणि चुकलो की त्याच क्षणी सांगते. हा नवा करार आहे. आतापर्यंत अकरा चुका. माझ्याबरोबर वीस वर्षांची पोरं परीक्षेला बसतील, त्यांना कॉपी करू देणार नाही.

ज्ञानेशने अभ्यासक्रमाची पुस्तिकाही पाठवलीय. चौदाव्या पानावर बाद होण्याच्या प्रकारांत एक उदाहरण चुकलंय. ते मी त्याला निकाल लागल्यावर दाखवणार आहे. आधी दाखवलं तर तुम्ही लोक पुन्हा मला सल्लागार म्हणाल.

पुरूदादा